वहिनीने न भरलेला पेला

माझी वहिनी वैजयंती महिन्याच्या पहिल्या रविवारसाठी काळी द्राक्षं घरी उकळते. रस गाळायचा, बाटलीत भरून चर्चला न्यायचा आणि प्रभुभोजनाच्या ट्रेमधले ते अंगठ्याएवढे पेले भरायचे, हे काम कोपरखैरण्याच्या आमच्या मंडळीत तिचंच. येशूच्या बलिदानाची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा आणि हा रस घ्यायचा, ते प्रभुभोजन. दादा गेल्यापासून मात्र ती सगळ्यांचे पेले भरते आणि वाटप सुरू झालं की मागच्या बाकावर जाऊन बसते. स्वतः घेत नाही.

दादा म्हणजे माझा भाऊ श्यामसुंदर. तळोज्याला केमिकल कंपनीत नोकरी आणि घरी आल्यावर जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना, हा त्याचा नेम. मार्चमध्ये एका संध्याकाळी प्रार्थनेला बसला असतानाच कलंडला, तो गेलाच. वहिनी रडली नाही. दवाखान्यात नाही, दफनभूमीत नाही. घरी भेटायला आलेल्यांना तिने चहा करून दिला आणि कपही विसळले. लोक म्हणाले, काय विश्वास आहे बाईचा. मला अशी चीड आली. चेहरा बघा ना जरा तिचा. तो विश्वास नव्हता, तिथे काहीच नव्हतं.

वहिनीलाही ते ठाऊक होतं. मी उलव्याहून दर शनिवारी आईला बघायला येते. एकदा मेथी निवडताना तिने सांगून टाकलं, "वैदेही, मला काय वाटतच नाही गं. तुझ्या दादाचं नाही, देवाचं पण नाही. असं कोरडं मन घेऊन प्रभूच्या मेजाशी कशी जाऊ? ते खोटं होईल."

"मग कधी जाणार?"

"काहीतरी वाटायला लागलं की."

तोवर तिने कामं ओढून घेतली. चर्च झाडणं, शुक्रवारचा उपास, आजाऱ्यांना डबे. हीच बाई वर्षानुवर्षं रविवारी चर्चच्या शब्बाथ शाळेत पोरांना शिकवत आली, की आपलं तारण येशूने वधस्तंभावर पुरं केलं, आपण त्यात चिमूटभरही घालायचं नसतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. पान वाढून तयार आहे आणि ही म्हणते, थांबा, आधी भांडी घासते.

आमची आई, राहीबाई, अंथरुणाला खिळलेली. मुलगा गेल्याचं तिला कळत नाही, स्वतःचं नावही धड आठवत नाही. तिला प्रभुभोजन द्यायला चर्चचे पाळक घरी येतात. या खेपेला नवे आले, अश्विन पाळक. तरुण, नियमाने चालणारे. वहिनीने आईपुरता एकच पेला भरून ठेवला होता.

पाळकांनी आईला विचारलं, "आजी, येशू कोण, आठवतं ना?"

आई म्हणाली, "च्या झाला का?"

पाळक अडखळले. "यांना समज उरलेली नाही. द्यावं की नाही, मी जरा वरिष्ठांना विचारतो."

तेव्हा वहिनी बोलली. इतक्या महिन्यांत तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "त्यांना नसेल आठवत, पाळकसाहेब. ज्याने केलं त्याला आठवतं ना? आईंना समजलं तरच ते पुरं होणार, असं थोडंच आहे? द्या तुम्ही."

पाळकांनी दिलं. आईने घोट घेतला आणि म्हणाली, "ग्वाड हाय."

मी वहिनीकडे वळले. "मग तुझं काय?"

"काय माझं?"

"आईला आठवत नाही ते चालतं. तुला वाटत नाही ते का चालत नाही?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, झालं, आता ओटा पुसत बसणार. पण फ्रिज उघडल्याचा आवाज आला आणि ती रसाची बाटली न् स्टीलची एक वाटी घेऊन बाहेर आली. माझ्या जिवात जीव आला. वाटीत थोडा रस ओतून तिने ती पाळकांपुढे ठेवली आणि हात पुढे केला. त्यांनी भाकरीचा तुकडा दिला, मग वाटी.

तिने खाल्लं, प्यायली. चेहरा तसाच. खोटं कशाला सांगू, मला तिच्या डोळ्यांत पाणी हवं होतं.

न राहवून मी विचारलं, "काही वाटलं?"

"नाही," वहिनी म्हणाली. मग आईची हनुवटी पुसता पुसता म्हणाली, "पण आता घेत जाईन."