काहिलीच्या बुडाचे दोन घाव

धनगेवाडीच्या लालासाब शिकलगाराला दोन गोष्टींचा गर्व होता. एक, लोखंडी पत्रे सांधणारा त्याच्या हातचा रिबीट कधी निखळत नाही. दुसरी, पाणी कुठून येणार हे त्याला गावाआधी कळतं. दुसरा गर्व खरा होता. पहिला खोटा होता, आणि ते त्यालाच ठाऊक होतं.

शाहू महाराजांच्या राज्यात गुळाला बरे दिवस आले, तशी कोल्हापूरच्या आसपासची गावं वाढू लागली. धनगेवाडी म्हणजे पंचगंगेच्या वळणावरच्या उंचवट्यावर चाळीस घरं. माणसं वाढली, उंचवट्यावर जागा उरली नाही, तेव्हा लोकांनी गावामागच्या, ओढ्यालगतच्या सखल मळीत घरं घातली. जागा सपाट, काळीभोर, बघून कुणालाही मोह पडावा अशी. लालासाब दरसाल कोडोलीपासून मलकापूरपर्यंत गुळाच्या काहिली दुरुस्त करत पायी हिंडायचा. कुठला ओढा कुठं उतरतो, कुठल्या नदीत पडतो, हे त्याच्या पायांना पाठ होतं. त्यानं चावडीवर सांगून पाहिलं, "ही ओढ्याची जुनी वाट हाय. आज तो कडंनं जातोय म्हणून वाट इसरला न्हाय."

लोक हसले. शिकलगारानं विळ्यांना धार लावावी, ओढ्यांची उठाठेव कशाला!

आता त्या खोट्या गर्वाचं. मागच्या शिमग्यात गुऱ्हाळवाल्या गणपतरावांच्या काहिलीचा बुडाकडचा एक रिबीट ढिला झाला. काहील म्हणजे उसाचा रस उकळायची, चार माणसं मांडी घालून बसतील एवढी लोखंडी कढई. हंगाम संपत आलेला, रस खोळंबलेला, गणपतराव डोक्यावर उभे. लालासाबकडं जाड रिबीट शिल्लक नव्हता. त्यानं जुनाच बसवला आणि वरून दोन घाव घातले. त्याला माहीत होतं, रस उकळला की काकवी फटीत शिरते, करपून दगडासारखी होते, थेंब गळत नाही. आणि गळलाही नाही. पुढच्या हंगामाआधी नीट करू, म्हणून त्यानं हातोडा पिशवीत टाकला. काहिलीखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं सारणारी तानाबाई तेवढं बोलली होती, "लालासाब, दोनच घाव?" त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

श्रावणात चार दिवस पाऊस हटला नाही. नदी घाट गिळून मारुतीच्या देवळाकडं सरकली. गावाची रीत अशी की पाणी मारुतीच्या पायरीला टेकलं की बायका नदीची ओटी भरतात आणि मग नदी माघारी जाते. त्या सकाळी सगळं गाव खणनारळ घेऊन पायरीपाशी उभं होतं. पाणी चार बोटं खाली, सगळ्यांच्या नजरा समोर. एकटा लालासाब मागं बघत होता. फुगलेल्या नदीनं ओढ्याला आत घेतलंच नाही. ओढा मागं दाटला आणि मुकाट आपल्या जुन्या वाटेनं चालू लागला.

"मळीत पाणी शिरलं!" लालासाब ओरडला, तेव्हा खरी धावपळ झाली.

लोक कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर आले. राहिलं ते शेवटचं घर, तानाबाईचं. ती, तिची सून शालूबाई आणि दोन महिन्यांचं पोर छपरावर चढून बसलेले. भिंती मातीच्या, खालून विरघळत चाललेल्या.

"काहील आणा!" गणपतरावांनी हुकूम सोडला.

गावात तेव्हा काहील एकच. पुरात ती नाव व्हायची, आणि चालवायचा लालासाबच. आठ जणांनी ती आणून पाण्यात सोडली आणि त्याच्याकडं बघितलं. त्याला बुडाचा तो रिबीट आठवला. खरं सांगावं तर काहील कुणी जाऊ देणार नाही, आणि भिंत तर थांबणार नाही. फटीतला करपलेला गूळ पाण्यात किती वेळ टिकतो? त्यानं कळकाची काठी घेतली आणि पाय आत टाकला. आयुष्यात इतका तो कधी भ्याला नव्हता.

ओढ्याची मूळ धार टाळून त्यानं बांधाबांधानं काहील नेली. ती गरगर फिरायची, तो काठीनं सावरायचा आणि दर वेळी बुडाकडं बघायचा. बूड कोरडं होतं. छपरापाशी त्यानं पोराला घेतलं, शालूबाईला घेतलं, शेवटी तानाबाई उतरली. काहील दहा हात सरकली तोच मागची भिंत खाली बसली.

निम्म्या वाटेवर त्याच्या पायाला चिकट लागलं. बुडाशी तांबूस पाण्याचा ओघळ आला होता. पुढच्या क्षणी रिबीट उडाला आणि पाणी वीतभर उसळलं. लालासाबनं टाच दाबली. पण टाच दाबून काठी मारता येईना, आणि काठी थांबताच काहील नदीच्या मोठ्या धारेकडं ओढ घेऊ लागली. शालूबाई पोराला छातीशी धरून रडू लागली.

तानाबाईनं त्याच्या पायाकडं बघितलं. "ह्योच न्हवं त्यो दोन घावांचा?"

"व्हय, आक्का."

"मुडद्या!" ती म्हणाली. मग लुगड्याचा ओचा सोडून तिनं बोळा केला, त्याची टाच बाजूला सारून भोकात कोंबला आणि वर स्वतः फतकल मारून बसली. "मी बसतो. तू काठी मार."

त्यानं मारली. हातांची सालं निघाली तरी मारली.

काठावर लोकांनी त्याला उचलूनच घेतलं. गणपतरावांनी आपला पटका काढून त्याच्या डोक्याला गुंडाळायला घेतला. "लालासाबच्या हातची काहील! बुडंल कशी?"

तानाबाई भिजलेलं लुगडं पिळत उभी होती. ती नुसती त्याच्याकडं बघत राहिली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. त्यानं पटका बाजूला केला, चौघांच्या मदतीनं काहील तिच्या काठावर उभी केली आणि बोळा उपसला. भोकातून पलीकडचं आभाळ दिसलं.

"हे भोक माझं हाय," तो म्हणाला. "शिमग्यात ठावं हुतं. आज चढतानाबी ठावं हुतं."

गणपतरावांनी पटका परत आपल्या डोक्याला बांधला आणि ते घराकडं वळले.

त्या हंगामापासून लालासाब धनगेवाडीत दुरुस्त केलेली प्रत्येक काहील दगडांवर चढवायचा, काठोकाठ पाण्यानं भरायचा आणि दिवसभर तशीच ठेवायचा. रस खोळंबतो म्हणून मालक ओरडायचे, तो हलायचा नाही. दिवस कलला की तानाबाई यायची, सगळ्या बुडाखालून हात फिरवायची आणि तळवा त्याच्यापुढं धरायची. तळवा कोरडा असला तरच तो हातोडा पिशवीत टाकायचा.

तानाबाई गेल्यावर तो हात शालूबाई फिरवू लागली. लालासाब तोवर म्हातारा झाला होता, पण ती तळवा पुढं धरेपर्यंत त्याची टाच जमिनीत घट्ट रुतलेली असायची.