वन्संचं सोवळं

अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये तिला सगळे ‘सोवळी’ म्हणत. नाव ठेवलं होतं तिच्या सख्ख्या वहिनीनं, आणि नणंदेला नावं ठेवायचा पहिला मान वहिनीचाच असतो. वहिनी बाहेर फोनवर बसायची, नणंद आतल्या खोलीत प्रोग्राम लिहायची. एकदा डबा खाताना वहिनीनं सहज विचारलं, की बाई गं, तू दिवसभर करतेस तरी काय?

“छोटी छोटी फंक्शन्स लिहिते, प्रोग्रामचे तुकडे,” नणंद म्हणाली. “त्यांना हातात दिलं तेवढंच ठाऊक. घड्याळाकडे बघायचं नाही, बाहेरच्या कशाला हात लावायचा नाही. तेच दिलं तर उत्तर तेच. आज विचार, नाहीतर वर्षानं विचार.”

“म्हणजे सोवळ्यातच बसवलंयस की त्यांना.”

नाव चिकटलं ते चिकटलंच. खरं तर तिचं सोवळं प्रोग्रामपुरतंच. टेबलावर उष्टे कप, चावलेल्या पेन्सिली, आणि एकदा तर बाई दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून कामावर आलेली. वहिनी येता-जाता टोमणे मारायची आणि जाताना कप उचलून न्यायची.

मग ती दुपार आली. एका मुलीचा फोन आला, वडिलांचं तोंड वाकडं झालंय, बोलता येत नाहीये. वहिनीच्या स्क्रीनवर सगळ्यांत जवळच्या गाडीपुढे ‘मोकळी’ असं दिसत होतं. तिनं बटण दाबलं आणि सांगितलं, “निघाली, येतेच आहे.” नेमकं त्याच वेळी शेजारच्या टेबलावर भोंगानं एका अपघातासाठी तीच गाडी पाठवली. (भोंगा म्हणजे वहिनीची जुनी सहकारी, तिला फोनची गरज काय, असं सगळे म्हणत.) गाडी अपघाताकडे गेली. मुलगी पुन्हा पुन्हा फोन करत राहिली आणि वहिनी दर वेळी स्क्रीनवरचं ‘निघाली’ बघून येतेच आहे म्हणत राहिली. घोळ लक्षात येऊन दुसरी गाडी पोचेपर्यंत फार उशीर झाला. वडील वाचले, पण त्यांची वाचा गेली ती गेलीच.

चौकशी झाली. बाहेरून विकत घेतलेला तो प्रोग्राम एका निवांत दिवशी परत परत चालवून पाहिला. शहाण्या बाळासारखा वागला. यंत्र ठीक, हात चुकला, असं ठरलं. वहिनीनं वादही घातला नाही, कारण तिलाही तसंच वाटत होतं. ती आपणहून फोनवरून उठली आणि मागच्या स्टोअरमध्ये चादरी-स्ट्रेचरचं काम बघू लागली. घरी फोन वाजला की ती उठून स्वयंपाकघरात जायची. शेवटी तिच्या नवऱ्यानं बहिणीला गाठलं. “तुझी वहिनी हसायची बंद झालीय. तिचा हात खरंच चुकला का, एवढं बघशील?”

सोवळीनं तो विकतचा प्रोग्राम मागून घेतला. चूक सापडली का, असं साहेब रोज विचारायचे आणि ती सांगायची, “बोलावलं की येत नाही ती.” तेव्हा तिनं बोलावणं सोडलं. काय काय घडू शकतं तेच मांडायचं ठरवलं, आणि एका दुपारी वहिनीला चादरींतून उठवून आतल्या खोलीत आणलं.

“हे बघ. तू बघतेस, तू पाठवतेस. भोंगा बघते, भोंगा पाठवते. काम चार पावलांचं. पण कुणाचं पाऊल कुणाच्या आधी, हे कुणी ठरवलेलंच नाही. म्हणून ही चार पावलं सहा तऱ्हांनी मिसळतात.”

स्क्रीनवर सहा ओळी होत्या. वहिनी एकेका ओळीवरून बोट फिरवत गेली. दोन ओळींत एकीचं काम पुरं झाल्यावर दुसरीचं सुरू होत होतं. तिथे काही बिघडत नव्हतं. उरलेल्या चारांत, एकीनं पाठवण्याआधीच दुसरीनं बघून घेतलेलं असायचं. दोघींना गाडी मोकळीच दिसायची.

“म्हणजे मी चुकले नाही?”

“नाही. भोंगाही नाही. दोघी बरोबर, आणि दोघींची मिळून चूक.”

वहिनी खाली बसली. चूक म्हटली की ती कुणाच्या तरी पदरात पडणार, असंच ती आजवर समजत आली होती. ही चूक कुणाच्याच पदरात नव्हती. ती दोन बरोबर माणसांच्या मधल्या फटीत राहत होती, पापणी लवायच्या आत येऊन जात होती, आणि अशा किती फटी रोज आपल्या हाताखालून सुखरूप निघून गेल्या असतील या विचारानं तिच्या अंगावर काटा आला. मग तिला रडू आलं. नणंदेनं पाठ फिरवून कप आवरल्यासारखं केलं.

“पूर्वी खिळ्याला किल्ल्या टांगलेल्या असायच्या,” डोळे पुसत वहिनी म्हणाली. “किल्ली हातात आली की गाडी तुझी.”

“तेच तर. बघणं आणि उचलणं तेव्हा एकच होतं. स्क्रीननं त्याची दोन केली.”

“पण तुझ्या सोवळ्याचा इथे काय उपयोग? फोन कधीही वाजतात. सगळं ओवळंच.”

“म्हणून ते सगळं दाराशी. फोन येतील तसे येऊ देत, दाराशी रांग लावायची. आत एकच फंक्शन. त्याला आत्ताचा फळा द्यायचा, म्हणजे कुठली गाडी कुठे आहे त्याची यादी, आणि रांगेतला एक फोन द्यायचा. ते जुन्या फळ्याला हात लावत नाही, नवा फळा बनवून देतं. मग पुढचा फोन.”

एवढं बोलून तिनं त्या दुपारचे सगळे फोन आपल्या नव्या प्रोग्रामला दिले, उलटसुलट, वाटेल त्या क्रमानं. ओळींमागून ओळी धावू लागल्या. कधी भोंगाचा फोन आधी, कधी वहिनीचा. कोण आधी ते बदलत होतं, पण एक गाडी दोन ठिकाणी कुठेच दिसत नव्हती. तोच क्रम पुन्हा दिला की अक्षर न् अक्षर तेच उत्तर येत होतं. वहिनी पदर तोंडाशी धरून बघत राहिली. ज्या नणंदेला चपलांची जोडी जमत नाही, तिनं एवढा गोंधळ एका उंबऱ्याबाहेर उभा करून ठेवला होता.

“आता कुणाला थांबावं लागणार नाही ना?”

“लागेल, वहिनी. आधी कुणाचा फोन वाजेल ते माझ्या हातात नाही, आणि गाड्या आहेत तेवढ्याच आहेत. पण स्क्रीन तुला खोटं बोलायला लावणार नाही.”

नवा प्रोग्राम लागला तशी वहिनी फोनवर परत बसली. पहिल्याच सकाळी एका आजींचा फोन आला, यजमानांच्या छातीत कळ येतेय. शेजारी भोंगाचाही आवाज चढला. दोघींनी बरोबरच बटण दाबलं. जवळची गाडी भोंगाला गेली आणि वहिनीच्या स्क्रीनवर दुसरीच गाडी आली, लांबची.

‘येतेच आहे’ अगदी ओठांवर आलं होतं.

“आजी, जवळची गाडी दुसरीकडे गेलीय,” ती म्हणाली. “तुमच्यासाठी दुसरी निघाली आहे. जरा लांबून येतेय, पण ती तुमचीच आहे. त्यांना टेकवून बसवा. मी फोन ठेवत नाही.”

आणि तिनं तो ठेवला नाही, थेट फोनमधूनच गाडीचा सायरन ऐकू येईपर्यंत.