आधी उंची, मग किडनी

बाहेर कितीही गर्दी असो, सुनंदा मॅडम लहान मुलाच्या पोटावर जेल लावण्याआधी त्याला भिंतीशी उभं करून उंची मोजायच्याच. जळगावच्या एका सोनोग्राफी सेंटरात त्या डॉक्टर होत्या, मी त्यांचे रिपोर्ट टाइप करायचो. मालक घड्याळाकडे बोट दाखवायचे. मॅडम म्हणायच्या, "लेकराची किडनी त्याच्या अंगाला धरून वाढते. अंग न बघता ‘लहान’ लिहू? मी नाही लिहिणार!"

एकदा रावेरकडची नऊ वर्षांची पूनम आली. कुठेतरी ‘दोन्ही किडन्या लहान’ असा रिपोर्ट निघाला होता आणि शहरातल्या एका बड्या डॉक्टरांनी किडन्या जाणार असं सांगून टाकलं होतं. पोरीची शाळा बंद, मीठ बंद, खेळणं बंद.

मॅडमनी तिला भिंतीशी बोलावताच सोबत आलेली तिची आजी आडवी आली. "पोरीले मोजू नका बाई, वाढ खुटते तिची!"

मॅडम स्वतः जेमतेम पाच फूट. त्या चपला काढून भिंतीला टेकल्या. "आजी, पहिले मले मोजा. माही आता काय खुटणार?" आजी पदराआड हसली आणि बाजूला झाली.

पूनम वयाच्या मानाने बरीच ठेंगणी निघाली. मॅडमनी दोन्ही किडन्या पुन्हा पुन्हा मोजल्या. "उंचीला अगदी बरोबर! आणलेले रक्त-लघवीचे रिपोर्टही साफ. कसला आजार चिकटवलाय हिला?" त्यांनी सांगितलं तसं मी टाइप केलं : किडन्या उंचीच्या मानाने योग्य, वर्षाने पुन्हा पाहाव्यात.

संध्याकाळी, रिपोर्ट हातात पडताच, त्या बड्या डॉक्टरांचा मालकांना फोन. मालक आत आले. "निम्मे पेशंट त्यांच्याकडून येतात, मॅडम. ‘लहान’ एवढा शब्द घाला."

"त्या शब्दापायी पोर घरात कोंडली जाईल. सही माझी, शब्दही माझेच राहतील."

"मग उद्यापासून येऊ नका."

"उद्या कशाला? ही निघाले." पर्स उचलून त्या गेल्यासुद्धा. मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि मालकांची तेवढीच चीड आली.

त्यांनी धुळ्यात स्वतःचा दवाखाना टाकला. पूनमच्या वडिलांनी त्यांच्या रिपोर्टवर भरवसा ठेवून शाळा पुन्हा सुरू केली होती, पण धास्ती गेली नव्हती. वर्षाने ते माझ्याकडे पत्ता विचारत आले. मीही रजा टाकून सोबत गेलो. पूनमची उंची वाढली होती आणि तिच्याबरोबर किडन्याही.

"या रिपोर्टची एक प्रत त्या बड्या डॉक्टरांना पाठवा," मॅडम मला म्हणाल्या.

"त्यांनी कुठे मागितलीय?"

"म्हणूनच पाठवायची."

तेवढ्यात पूनम दवाखान्यातून सुटली ती थेट अंगणात. "पळू नको गं!" वडील घाबरून ओरडले.

मॅडमनी खिडकीतून त्यांच्यापेक्षा वरचा आवाज लावला, "पळू द्या तिला!"