एका ओळीची दुरुस्ती

हिंदी मुलखातल्या अवधपुरीत राहणाऱ्या सुचेता खांडेकरांना तीन दिवस चैन नव्हतं. दवाखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत त्या ड्रायव्हर लिहीत, म्हणजे कॉम्प्युटरला सेन्सरशी बोलायला लावणारे प्रोग्रॅम. त्यांचं रक्तदाबाचं यंत्र शंभरात एखाद्या वेळी भलताच आकडा दाखवी; तपासायला घेतलं की सगळं ठीक.

"आई, सकाळपासून चकरा मारतेयस, बैठ ना जरा," जुई म्हणाली.

सुचेता बसल्या आणि कोड पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या. दुपारी चूक सापडली. आकडा साठवणाऱ्या एका व्हेरिएबलला सुरुवातीची किंमतच दिलेली नव्हती. सेन्सर गप्प राहिला, की मेमरीत आधीचं जे काही पडलेलं असेल तेच रक्तदाब म्हणून पडद्यावर येई. ती ओळ सहा वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिली होती.

सेन्सर गप्प असेल तर 'रीडिंग नाही' असं दाखवणारी एक ओळ त्यांनी घातली आणि दोनशे वेळा चालवून पाहिली.

"हो गया ना?" जुईने विचारलं.

"इथं झालं. तिकडे माणसं अजून त्याच यंत्रावर तपासली जातायत."

त्यांनी साहेबांना फोन लावला. "सर, चूक माझी आहे. नवा ड्रायव्हर पोचेपर्यंत यंत्रं बंद ठेवायला सांगा."

साहेब म्हणाले, "यंत्रं कुठेकुठे गेलीत, त्याची यादी वाचा."

सुचेता उभ्यानेच एकेका दवाखान्याचं नाव सांगू लागल्या.