फुलापर्यंतच शिकवणाऱ्या दर्शनाबाई

आमच्या कोपरच्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या दर्शनाबाई म्हणजे भारी शिस्तीच्या. प्रजननाचा धडा आला की घरून जास्वंद आणायच्या. परागकण, स्त्रीकेसर, फळधारणा, असं रंगवून सांगायच्या की मागच्या बाकावरची टोळीसुद्धा गप्प. माणसाची आकृती आली की मात्र पुस्तक मिटायचं. "पुढचं घरी वाचा." मी मराठी शिकवणारी, तोंडाची फटकळ. स्टाफरूममध्ये चिडवायचे, "काय हो बाई, संसार फक्त फुलांनीच करायचा का?" त्या उसळायच्या, "पालक भांडायला आले की तुम्ही याल का पुढे?" बरं, तेही काही खोटं नव्हतं.

यंदा दिवाळीनंतर त्यांच्या वर्गातल्या संचिताने त्यांना जिन्यात गाठलं. हळूच विचारलं, "टीचर, मुलाने मिठी मारली तर पोटात बाळ राहतं का?" बाईंनी आधी वर-खाली कोणी आहे का बघितलं, मग झापलं, "बोर्डाचं वर्ष आहे तुझं! असलं काही डोक्यात आणू नकोस."

पंधरवड्यात ती पोर प्रार्थनेला उभी असताना धाडकन कोसळली. डॉक्टर म्हणाले, अंगात काही नाहीच, ही जेवते तरी का?

संध्याकाळी मी आणि दर्शनाबाई हॉस्पिटलात गेलेलो. तिची आई, गोदाताई, आमच्यासाठी चहा आणायला खाली गेली तशी संचिता रडायलाच लागली. पाळी चुकलेली. वर्गातल्या अनिमेषने एकदा खाडीकडे मिठी मारलेली, बास, एवढंच. "टीचर, तुम्ही 'नाही' म्हणालाच नाहीत. मला वाटलं, राहतंच." पोट दिसू नये म्हणून तिने जेवण सोडलेलं. डबा रोज मैत्रिणींना वाटून टाकायची.

अरे देवा! मला बाईंचा असा राग आला की काय सांगू. पण त्यांचा चेहरा बघवेना. त्या कॉटवर बसल्या, तिचा हात धरला आणि सगळं नीट सांगितलं. मिठीने काही होत नाही, मग कशाने होतं, तेही. या वयात पाळी मागेपुढे होते, उपाशी राहिलं तर आणखी लांबते. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"एवढंच होतं?" संचिता म्हणाली. "मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

पोरीने डोळे पुसले आणि भाताची ताटली पुढ्यात ओढली.

गोदाताई चहा घेऊन आल्या, तर लेक जेवतेय! "बाय माझी! आमी सगली सांगून थकलो, तुमचाच ऐकली," म्हणत त्या बाईंच्या पायाशी वाकल्या.

"नको, नको! अहो, माझ्यामुळेच झालंय हे सगळं," दर्शनाबाई एकदम रडत म्हणाल्या. संचिताने घास तसाच हातात धरून नकाराची मान हलवली, म्हणजे आईला सांगू नका. बाईंनी पदर तोंडाला लावला.

गोदाताईंना वाटलं, उगाच दोष स्वतःवर घेतात, केवढा हा मोठेपणा. त्यांनी बाईंच्या पायावर डोकं टेकलं, आणि बाईंना पाय मागे घेता आले नाहीत.