पुंजाजीची बंदूक आणि गुलाबरावचा दोर

पुंजाजीची दोन मतं गावात सगळ्यांना पाठ होती. एक बंदुकीबद्दल, दुसरं निवडणुकीबद्दल. सुलतानपूरच्या मोटार स्टँडजवळच्या हॉटेलात कुणी परगावचा माणूस चहाला टेकला, की हॉटेलवालाच डिवचायचा, "पुंजाजी, यायले सांगा ना तुमचं ते बंदुकीचं." मग पुंजाजी बशीतला चहा संपवायचा, मिशा पुसायचा आणि सांगायचा.

बंदूक घरात असावी. भिंतीवर असावी आणि गावाला माहीत असावी. तिचं काम तेवढंच. वाजवायची वेळ आली, तर तिचं काम फसलं असं समजावं.

आणि निवडणुकीला उभा राहणारा कसा आहे ते पाहू नये. त्या दिवसांत तो सगळ्यांशी गोडच बोलतो. त्याच्या जोडीला कोण उभा आहे ते पाहावं.

हे दुसरं मत विहिरीतून वर आलेलं होतं. पुंजाजीनं उभा जन्म विहिरी खोदल्या. त्या भागात वरची काळी माती चार दिवसांत निघते, मुरूमही निघतो. खरं काम त्याखाली. काळा खडक लागला की घण मारून दिवसभरात पाटीभर कपच्या निघाल्या तरी पुष्कळ. पुंजाजी खाली उतरायचा आणि गुलाबराव वर दोर धरायचा. दोघं एकाच आळीत वाढलेले, एकाच वयाचे. त्यांच्या कामाचे नियम कुणी लिहिलेले नव्हते, पण पक्के होते. उतरणाऱ्यानं कमरेची गाठ स्वतः बांधायची नाही, ती वरच्यानं बांधायची. आणि वरच्याला विचारल्याशिवाय कुठल्याही विहिरीला हो म्हणायचं नाही. खाली उतरणारा विहिरीच्या भरवशावर उतरत नसतो.

दुसरबीडकडच्या एका विहिरीवर काठ ढासळला. पुंजाजी अर्ध्यावर लोंबकळत राहिला. वर चाक मोडलं, दुसरा गडी घाबरून पळाला. गुलाबरावनं उघड्या हातांनी दोर धरून ठेवला आणि पुंजाजीला वर घेतलं. दोन्ही तळहातांची साल दोराबरोबर गेली. जखमा भरल्या, पण कातडी आखडली. तेव्हापासून गुलाबरावची मूठ पुरती मिटत नव्हती. भाकरी तो बायकोकडून मोडून घ्यायचा, धोतर तिच्याकडून पिळून घ्यायचा. तंबाखू मात्र मळता येईना. ती पुंजाजी मळायचा. रोज दिवस कलला की गुलाबराव पुंजाजीच्या ओट्यावर येऊन बसायचा. पुंजाजी तळहातावर दोघांपुरती तंबाखू घ्यायचा, चुना लावायचा, मळायचा, थापटायचा आणि निम्मी गुलाबरावच्या हातावर ठेवायचा. कामं सुटली, पुंजाजीचा गुडघा गेला, तरी हे चुकलं नाही.

बंदूक ठासणीची होती. रोही आणि रानडुकरं ज्वारी लोळवतात म्हणून राखणीसाठी परवाना मिळालेला. घराच्या रक्षणालाही तीच, असं पुंजाजी म्हणायचा. त्याच्या बायकोचं, रुखमाबाईचं, मत वेगळं होतं आणि तिच्याकडे पुरावा होता. एकदा दिवे लागायच्या वेळी गोठ्यात बकरी ओरडली. चोर होता. पुंजाजीनं खुंटीवरची बंदूक काढली. नळीत दारू ओतली, चिंधी कोंबली, गजानं ठासली, छर्रे टाकले, पुन्हा चिंधी, पुन्हा गज. बार पेटवायची टोपी शोधायला कोनाड्यात हात घातला, तोवर रुखमाबाई मुसळ घेऊन ओढ्यापर्यंत धावून बकरी सोडवून परत आली होती.

"चोराले म्हनावं, बस बाप्पा जरासा," ती तेव्हापासून आल्यागेल्याला सांगायची. "आमचे मालक बार भरून राह्यले."

तिनं त्या भिंतीकडे डोकं करून कधी अंथरूण घातलं नाही. बंदुकीच्या खुंटीला ती लसणाच्या जुड्या लटकवायची. बंदूक निम्मी झाकून जायची.

जिल्हा परिषदा येऊन थोडेच दिवस झाले होते. त्या पाठोपाठ ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. पुंजाजीच्या वॉर्डातून दोन जागा होत्या आणि उभं राहायला पाचसहा जण टपलेले होते. एका सकाळी माणिकराव ओट्यावर आले. चिखलीच्या बाजारात गाड्यांनी कापूस नेणारे मोठे शेतकरी. आजवर ते या ओट्यावरून पुढे गेले होते, थांबले नव्हते.

"पुंजाजीभाऊ, एका जागी मी उभा राह्यतो. दुसऱ्या जागी तुमी. जोडीदार पाहावं म्हनता ना? म्या पाह्यला."

पुंजाजीच्या छातीत काहीतरी फुललं. माणिकराव त्याला भाऊ म्हणाले होते. जोडीदार म्हणाले होते. आयुष्यभर जमिनीच्या पोटात काम केलेल्या माणसाला वर बसायला बोलावलं होतं.

"हाव," त्यानं होकार दिला.

दाराआडून रुखमाबाईनं बांगड्या वाजवल्या. त्यानं ऐकलं नाही.

गुलाबरावला हे हॉटेलात कळलं. कुणीतरी म्हणालं, "गुलाबराव, तुमचा पुंजाजी मोठा झाला ना आता." गुलाबरावनं चहाचा कप खाली ठेवला. "मले तं काही बोलला नाही," एवढंच म्हणाला आणि उठला. त्या दिवशी तो ओट्यावर आला नाही. पुंजाजीनं हात सवयीनं चालवला आणि दोघांपुरती तंबाखू मळली. निम्मी हातावर तशीच राहिली. बऱ्याच वेळानं ती त्यानं अंगणात टाकली.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी बातमी आली, की गुलाबरावनंही अर्ज भरला. त्याच वॉर्डातून, एकट्यानं. ना पक्ष, ना गट.

हॉटेलात हसू झालं. "अन् तुमचा जोडीदार कोन हो, गुलाबराव?"

"होता एक," गुलाबराव म्हणाला. "तो दुसऱ्या इहिरीत उतरला."

हे पुंजाजीला त्याच दिवशी पोचलं. गावात असं बोलणं पोचायला वेळ लागत नाही. तो जेवला नाही. रुखमाबाईनं ताट झाकून ठेवलं.

"जाऊन या ना त्यायच्या घरी. चार घरं तं सोडून आहे."

"त्यानं काऊन नाही याचं?"

"तुमी इचारलं होतं काय त्याले?"

एवढ्या वर्षांत, एवढ्या विहिरींत, हे असं पहिल्यांदाच झालं होतं. माणिकरावांनी विचारलं आणि पुंजाजीनं मागे वळून पाहिलंही नाही, की दोर कुणाच्या हातात आहे. चूक कळत होती. चार घरं चालायला पाय उचलत नव्हता. गुडघ्याचं निमित्त होतं.

तोवर पोलीस पाटलाकडून सांगावा आला, की निवडणूक होईपर्यंत परवान्याच्या बंदुका मेहकरच्या ठाण्यात जमा करायच्या. पुंजाजीनं लसणाच्या जुड्या बाजूला केल्या, बंदूक उतरवली आणि ओट्यावर तेल लावून पुसायला घेतली. तेवढ्यात माणिकराव आले.

"छान, छान! मी याच्यासाठीच आलो होतो," ते म्हणाले. "जमा कराची घाई करू नका. उद्या संध्याकाळी आपली फेरी निघनार. तुमी सगळ्यायच्या म्होरं. खांद्यावर बंदूक. वाजवाची नाही, नुसती दिसली पायजे. तुमचंच तं मत आहे ते."

पुंजाजीच्या हातातलं फडकं थांबलं. मत त्याचंच होतं. पण त्यानं ते चोरासाठी ठेवलं होतं. ज्यांच्या विहिरी त्यानं खोदल्या, त्यांच्या दारापुढून बंदूक मिरवायची, हे त्या मतात कुठे बसत नव्हतं.

"एक इचारू, माणिकराव? बंदूक नसती माह्याजवळ, तं?"

माणिकराव मोकळेपणानं हसले. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "तं मंग आपली वळख तरी कायले झाली असती, भाऊ!"

ते गेल्यावर रुखमाबाई बाहेर आली. नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि टोमणा मारायचा तिचा बेत निम्म्यावर आला. तरी बंदुकीकडे बोट करून म्हणालीच, पण हळू, "तुमाले कुठं उभं करून राह्यले ते? हिले उभं करून राह्यले. नाव तेवढं तुमचं."

सकाळी पुंजाजीनं गाडी जुंपली. अर्ज मागे घ्यायचा तो शेवटचा दिवस होता. बंदूक गोणपाटात गुंडाळली, सोबत जुना दोर घेतला आणि बैलांना चार घरं पुढे नेऊन उभं केलं.

गुलाबराव अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. न मिटणाऱ्या बोटांनी एकेक शेंग दाबून फोडत होता. त्यानं वर पाहिलं आणि पुन्हा शेंगांकडे पाहिलं.

"काऊन आला?"

"बंदूक जमा कराची आहे मेहकरले."

"मंग जा ना. रस्ता इकडून आहे काय?"

"गाडीले बांधून दे."

"तुहे हात मोडले काय बे?"

"आपली गाठ आपन नसते बांधाची," पुंजाजी म्हणाला.

गुलाबरावचा हात थांबला. घरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तोही थांबला. गुलाबरावच्या बायकोला, मंजुळाबाईला, सगळं ऐकू येत असणार.

"इचारलं नाही तुले," पुंजाजी म्हणाला. "चुकलं माहं."

गुलाबरावनं सूप बाजूला सारलं. "त्याले तुही बंदूक पायजे होती. साऱ्या गावाले ठाऊक होतं."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तू कुठं इचारलं?"

गुलाबराव उठला. गोणपाटाचं गाठोडं गाडीच्या साट्यावर नीट लावलं, खाली पेंढा सारला आणि दोर घेतला. त्या हातांना दोर आवळायला वेळ लागला. एक वेढा सुटला, तो पुन्हा घेतला. दोराचं टोक दातात धरून ओढलं. पुंजाजी शेजारी उभा होता आणि त्यानं हात लावला नाही. दुसऱ्याच्या गाठीला हात लावायचा नसतो. शेवटी गुलाबरावनं गाठीवर अंगठा दाबला, पूर्वी पुंजाजीच्या कमरेशी दाबायचा तसाच, आणि म्हणाला, "झालं."

पुंजाजी गाडीवर चढला, पण त्यानं कासरा हलवला नाही.

"मी अर्ज मागं घेऊन राह्यलो."

"माहाही घे मंग," गुलाबराव म्हणाला. "रागानं भरला होता. एकट्या मानसानं काय उभं राहाचं?"

"तू नको काढू. इतके वर्सं मी उतरलो अन् तू वर होता. आता तू उतर. वर मी हावो."

"तुह्या त्या गुडघ्यानं?"

"दोर काय गुडघ्यानं धरते कोनी?"

गुलाबराव हसला नाही. पण आत जाऊन फेटा बांधून आला आणि चाकावर पाय देऊन पुंजाजीच्या शेजारी चढला. "हल म्हन बैलाले. ऊन चढून राह्यलं." घरात भाकरीचा आवाज पुन्हा सुरू झाला होता.

मेहकरात पुंजाजीनं आधी ठाण्यात बंदूक दिली. ती गाठ सोडायलाही गुलाबरावच लागला. शिपाई कंटाळून म्हणाला, "काय बांधलं हो हे, बंदूक का मानूस?" मग पुंजाजीनं तहसिलीत जाऊन आपलं नाव काढलं. परतल्यावर तो तसाच माणिकरावांच्या वाड्यावर गेला. आपण नाव काढलं हे त्यांना दुसऱ्याकडून कळू नये, म्हणून. ते रागावले. जे बोलले ते पुंजाजीनं उभ्यानं ऐकून घेतलं, राम राम केला आणि परत आला.

पुढचे दिवस तो काठी टेकत वॉर्डातल्या प्रत्येक दाराशी गेला. भाषण त्याला येत नव्हतं. तो एवढंच म्हणायचा, "गुलाबराव उभा हाये. त्याचे हात पाहा." हात सगळ्यांनी पाहिलेले होते. रुखमाबाई बायकांत जायची आणि जाता जाता बकरीची गोष्टही सांगायची. "आता बंदूक ठान्यात आहे, माय. रातची झोप लागून राह्यली मले."

दोन जागांपैकी एका जागी माणिकराव आले. दुसऱ्या जागी गुलाबराव आला.

पंचायतीच्या पहिल्या सभेला गुलाबराव आत गेला तेव्हा पुंजाजी बाहेर पायरीवर बसला. सभा लांबली. पंचायतीच्या शिपायानं म्हटलं, "बाबा, घरी जा, येतीन ते." पुंजाजी म्हणाला, "मानूस खाली असताना वरच्यानं जायचं नसते." शिपायाला काही समजलं नाही.

दिवस कलला तेव्हा पुंजाजीनं दोघांपुरती तंबाखू मळली. गुलाबराव बाहेर आला, त्याच्या शेजारी टेकला आणि अर्धवट मिटलेला हात पुढे केला. पुंजाजीनं निम्मी तंबाखू त्यावर ठेवली.

"काय झालं आत?"

"गावच्या इहिरीचा गाळ काढाचं ठरलं. त्यायनं इचारलं, कोन करनार, तुमी पाहता काय?"

"मंग? हो म्हनला?"

गुलाबरावनं चिमूट गालात धरली. "म्हनलं, घरी इचारून सांगतो."

"घरी? मंजुळाबाईले?"

"तुले बे," गुलाबराव म्हणाला.