चाकू चांगला होता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. गावी आईला पाठवलेल्या पत्रांत लिहिलं नाही, बायकोजवळ बोललो नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही परके; उद्या सकाळी मला तुमच्यासमोर उभं राहावं लागणार नाही.

गोष्ट एका चाकूची. मिटला की मुठीत मावेल एवढा — लाकडी मूठ, एकच पातं, मुठीच्या तोंडाशी लोखंडाचं बारीक कडं. फ्रान्सचा. तिकडे म्हणे भाजीवाल्या बायांच्या टोपलीतही असले चाकू असतात, इतके स्वस्त. त्या स्वस्त चाकूपायी मी जे केलं, ते — पण थांबा. आधी मी कोण ते सांगतो. नाही, हा वेळकाढूपणा नाही. असेलही.

मी लोहाराचा मुलगा. आमचं गाव नगरच्या पलीकडे. वडील गेले तेव्हा मी तिसरीत होतो. शाळा सुटली, मग भाता गेला, ऐरण गेली, आणि विशी ओलांडता ओलांडता मी कामाच्या शोधात वसईला येऊन पडलो. तोवर समुद्र पाहिला नव्हता. पहिल्याच वर्षी हिवतापाने असा धरला की उठवेना. ज्यांच्या वाडीत कामाला होतो त्या भाऊंनी मला पडवीत जागा दिली. वहिनींनी दोन महिने स्वतःच्या हाताने पेज भरवली. हे उपकार मी विसरलेलो नाही. पण एक सांगू? उपकाराने माणूस भित्राही होतो. ज्यांनी हात दिला त्यांनी तो काढून घेतला तर — ही धास्ती मला रोज सकाळी उठताना असायची. अजून असते.

माझ्याजवळ एकच गोष्ट होती. लोखंडाची पारख. वाडीत कोयता घ्यायचा असो की पहार, भाऊ मला पापडीच्या बाजारात घेऊन जायचे. मी पात्यावर नखाने टिचकी मारायचो, कान लावायचो, मान हलवायचो. मी नाही म्हटलं तर भाऊ तिथून उठायचे. शिकलो नव्हतो, जमीन नव्हती, वसईत जवळचं माणूस नव्हतं — पण 'शिवाने बघितलंय का?' हा प्रश्न वाडीत विचारला जायचा. त्या प्रश्नावर मी जगत होतो.

आणि मग बस्त्याव आला.

जवळच्याच नंदाखाल गावचा. स्वातंत्र्य मिळून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. सुकेळ्यांचा हंगाम होता. राजेळी केळी पिकवून, सोलून, मांडवावर उन्हात वाळवायची. संध्याकाळी गोळा करून झाकायची, सकाळी पुन्हा पसरायची. मांडवाची देखरेख माझ्याकडे होती. बस्त्याव आणि त्याची आई सोलायला येत. ती विधवा. थोरला मुलगा बोटीवर खलाशी. 'एक दर्याला दिला, दुसरा नाय देणार,' हे ती केळी सोलता सोलता दिवसातून एकदा तरी म्हणायचीच. पण हंगाम संपला की बस्त्यावला काम नसे. बारमाही काम मिळालं तर तो घरी राहणार, नाही मिळालं तर भावामागून बोटीवर जाणार — हे सगळ्या मांडवाला माहीत होतं. मलाही. आणि तो समुद्राकाठी जन्मलेला गडी होडीत पाय ठेवला की ओकायचा. स्वतःच सांगायचा, आणि सगळ्यांना हसवायचा.

हसवायचा — तिथेच माझं बिनसलं. भाऊ माझ्याशी कामाचं बोलत. बस्त्यावशी हसत. वहिनी त्याला चहा द्यायच्या तेव्हा दोन शब्द जास्त बोलायच्या. मला पेज भरवणाऱ्या वहिनी! माझं काय कमी झालं होतं? काहीच नाही. तरी मी तो चहा किती वेळ चालतो ते बघत बसायचो.

सुट्टीवर आलेल्या भावाने त्याला तो चाकू दिला. आम्ही केळ्याची टोकं विळीवर कापायचो, साल हाताने ओढायचो. बस्त्यावने चाकूच्या टोकाने सालीवर वरून खालपर्यंत एकच रेघ ओढायला सुरुवात केली. सदऱ्याची गुंडी काढावी तशी साल उघडायची. फळाला ओरखडा नाही. दुपारपर्यंत त्याची टोपली माझ्या दीडपट.

मी चाकूकडे बघतोय हे त्याने बघितलं.

"ए घाटी, मुलगी पाहायला आल्यागत काय बघतोस? सांग ना, पसंत का नापसंत?"

बायका हसल्या. मीही हसलो.

पहिले दोन-तीन दिवस चाकूने डाग दिले. केळ्याच्या चिकाने पातं निळं-काळं झालं आणि फळांवर काळसर रेघा उठल्या. भाऊंना काळजी वाटली. त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"शिवा, हे पातं नीट बघ. चांगलं असलं तर बस्त्यावच्या भावाकडून असे डझनभर मागवू, आणि मांडव बस्त्यावकडे देऊ, त्याला बारा महिने कामावर ठेवू. तू वाडीतलं बघशील. खराब असलं तर चाललंय तसं चालू दे."

वाडीतलं बघशील. म्हणजे काय? मला काढत नव्हते. माझा पगार, माझी पडवी, सगळं तसंच राहणार होतं. हे मला तेव्हाही कळत होतं — म्हणून सांगतो, भीतीने केलं असं मी म्हणणार नाही. त्याला मिळतंय, हे सोसवत नव्हतं.

मी चाकू एक दिवसासाठी मागून घेतला. विहिरीमागे एकटा बसून बघितला. लाकूड आमच्या खाऱ्या हवेला फुगलं होतं, पातं उघडायला जड जात होतं — दोन दिवस तेलात ठेवलं असतं तर तेही गेलं असतं. सांध्यात केसाएवढीही हालचाल नव्हती. नखाने टिचकी मारली. आवाज बारीक आणि लांब गेला. पातं फिरवलं तर मनगटावरचे केस कोरडेच निघाले. मग पात्याच्या पाठीवर कानस लावली — काच घासल्यासारखी घसरली. इतकं नेमकं पाणी चढवलेलं पोलाद माझ्या वडिलांच्या हातूनही क्वचित उतरायचं. आणि डाग? वडील सांगायचे, खरं पोलाद आंबट-चिकट कापताना आधी काळं पडतं. एकदा रंग धरला की मग डाग देत नाही. चार दिवस. भाऊंना एवढंच सांगायचं होतं — चार दिवस थांबा.

दुसऱ्या दिवशी मांडवाखाली सगळे जमले. भाऊ, बस्त्याव, त्याची आई, सोलणाऱ्या बायका. मी डाव्या मुठीत चाकू असा धरला की कानस पात्यावर चालते की कड्यावर, ते अंगठ्याआड समोरून कुणाला दिसू नये. आणि कानस चालवली — पात्यावर नाही. कड्यावर. ते साधं मऊ लोखंड, ते कुठल्याही चाकूचं मऊच असतं. भुरभुर कीस पडला. मी तो तळहातावर घेतला आणि भाऊंपुढे धरला.

"बघा भाऊ. पोलाद असतं तर कानस घसरली असती. हे मऊ आहे. डाग थांबायचे नाहीत."

सांगितलं. हेच ते. एवढंच.

भाऊंनी कीस बघितला, मान हलवली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. तळहात मी भाऊंपुढे केला होता, पण बस्त्यावने तो हातात घेतला, वाकून जवळून बघितलं. मला वाटलं, आता ओळखेल. तो हसला.

"म्हणजे फिरंग्यांनी आमच्या दादाला टोपी घातली!"

मग हळूच मला म्हणाला, "बरं झालं तू बघितलंस. बारा मागवले असते, तर भाऊंना काय तोंड दाखवलं असतं मी?"

त्याने माझे आभार मानले. उठून त्याने चाकू विहिरीत टाकला. पाण्याचा आवाज आला तेव्हा मला काय वाटलं ठाऊक आहे? हायसं वाटलं. आता दुसरं कुणी तो बघणार नव्हतं.

मांडव माझ्याकडे राहिला. पावसाळा सरल्यावर बस्त्याव मुंबईला जाऊन बोटीवर चढला. जाताना वाडीत आला, वहिनींच्या पाया पडला, आणि मला म्हणाला, "आयकडे लक्ष ठेव रे, घाटी." मी ठेवीन म्हणालो. गाव सुटणं काय असतं, जीभ दुसऱ्यांच्या बोलीत कशी अडखळते, आईचा आवाज कसा विसरत जातो — मला ठाऊक नव्हतं का? वसईत ते मला सगळ्यांत जास्त ठाऊक होतं.

वर्षभराने त्याचं पत्र आलं. त्याच्या आईला वाचता येत नाही. देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, फादरकडे जायला तिला अवघड वाटे, म्हणून दुपारच्या सुट्टीत ते तिने मला दिलं. मी एकेक अक्षर जुळवत वाचू लागलो. बोटीच्या भटारखान्यात बटाटे सोलतो. ओकणं आता कमी आहे. मग पुढची ओळ आली. ती मला आजही जशीच्या तशी येते: 'इथे सगळ्यांकडे माझ्यासारखाच चाकू आहे. चार दिवस काळा पडतो, मग डाग देत नाही. शिवाला विचार, माझाच कसा मऊ निघाला?'

मी थांबलो.

"काय रे?" त्याची आई म्हणाली. "थांबलास का?"

"अक्षर लागत नाही, मावशी."

"त्याचं अक्षर लहानपणापासनं तसंच." ती कौतुकाने हसली. हातातलं केळं सोलत राहिली. "जाऊ दे ते. पुढलं वाच."

मी पुढचं वाचलं.